तीन हिवाळे, एकच दर

लीड्समध्ये मी ज्या कंपनीत होतो, तिचा धंदा लोकांच्या घरात ऊब पोचवण्याचा होता. पाच उंच इमारती, त्यांच्या मधोमध एक बसकं, विटांचं बॉयलर हाउस, आणि तिथून जमिनीखालून प्रत्येक इमारतीत गेलेले गरम पाण्याचे पाइप. कुणाच्याही फ्लॅटमध्ये स्वतःचा बॉयलर नव्हता. मधल्या भट्टीत जे होईल ते पाचही इमारतींत होणार. इमारती कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, आणि भट्टी चालवायचं कंत्राट आमच्याकडे.

मी मूळचा नागपूरचा. इंजिनियरिंग करून वर फायनान्स केलेलं. तिशी नुकतीच ओलांडली होती आणि वर्क परमिटवर होतो. परमिट कंपनीच्या नावाने. कंपनीने काढलं की बॅग भरायची. कायम राहण्याचा शिक्का मिळायला अजून दोनेक वर्षं होती, आणि त्या दोन वर्षांत मी काय काय केलं ते इथे लिहितो आहे. कुणी सांगायला लावलेलं नाही.

आमची भट्टी गॅसवर चालायची आणि त्या वर्षांत गॅसचे भाव कुठेच थांबत नव्हते. दर सप्टेंबरला हीटिंगच्या नव्या दराचं पत्र लोकांच्या दारातून आत पडायचं आणि इमारतीतली म्हातारी माणसं रेडिएटर बंद करून घरातच कोट घालून बसायला लागायची. इतरांसारखं त्यांना कंपनी बदलता येत नव्हती, कारण पाइप एकच. म्हणून आम्ही लाकडाचा बॉयलर बसवायचं ठरवलं. यॉर्कशरमधल्या जंगलतोडीतलं उरलेलं लाकूड, त्याच्या ढलप्या करून जाळायच्या. ढलप्या पुरवणारा एक माणूस तीन वर्षांचा एकच दर बांधून द्यायला तयार झाला होता. ते सगळं गणित माझं होतं. ‘तीन हिवाळे, एकच दर’ हे वाक्यही माझंच, पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेलं. मला त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

पण भाडेकरूंचं मत घेतल्याशिवाय बॉयलर बदलता येत नव्हता, आणि तिसऱ्या इमारतीच्या कमिटीची सेक्रेटरी विरोधात होती. तिच्या शब्दाला पाचही इमारतींत वजन होतं. साठच्या दशकात नागपूरहून नर्स म्हणून आलेली, सगळी नोकरी इथल्याच हॉस्पिटलात केलेली, निवृत्त होऊन नवव्या मजल्यावर एकटी राहणारी बाई.

माझा मॅनेजर पुण्याचा होता. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, इंग्लंडमध्ये मुरलेला. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. खाजगी काही बोलायचं झालं की तो सरळ सगळ्यांसमोर मराठीत बोलायचा, दार लावायची गरज नाही. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, आणि ते कळत नाही याचा मी ऑफिसात पुरेपूर फायदा घेत होतो. डब्याच्या वेळी त्याच्या बोलण्यात देवधर्म, सणवार आले की मी हसून मान हलवायचो. एप्रिलच्या मध्यात रजा घेतली तर कारण वेगळंच सांगायचो.

त्या दिवशी तो कॉफी घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “तिसऱ्या टॉवरच्या त्या नर्सबाई. तुमच्यातल्याच आहेत ना? मग तू जा. तुझं ऐकतील.”

मी “हो सर” म्हटलं. दोन वर्षं लपवलेलं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि कामाला यावं म्हणून त्याने ते राखून ठेवलं होतं. मला राग यायला हवा होता. मला उलट हलकं वाटलं, याची आता जास्त शरम वाटते.

नवव्या मजल्यावरचं दार उघडलं तेव्हा समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो दिसला, माझ्या आईच्या घरात आहे तोच. मी बूट काढले आणि फोटोपुढे हात जोडले. ते मनापासून होतं का? अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्याने मी बाईंकडे बघत होतो, त्या माझ्याकडे बघताहेत ना म्हणून.

“कुठला रे तू?” त्यांनी विचारलं.

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांचं माहेर तिथून चालत दहा मिनिटांवर. पुढे तासभर आम्ही हीटिंगबद्दल काहीच बोललो नाही. त्यांनी पोहे केले, मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. मग त्या स्वतःच विषयावर आल्या.

“मी हो म्हटलं की शंभर घरं हो म्हणतील. म्हणून विचारते. लाकडाची भट्टी बंद पडली तर?”

“मावशी, जुना गॅसचा बॉयलर तसाच ठेवणार आहोत. लाकूड बंद पडलं तर तासाभरात गॅस चालू.”

“हे लेखी आहे?”

“मी स्वतः लिहिलंय.”

ते खरं होतं. माझ्या आराखड्यात गॅसचा जुना बॉयलर, त्याची दरवर्षीची सर्व्हिस, सगळं होतं. मावशींनी दुसऱ्या दिवसापासून मजल्या-मजल्यावर जाऊन लोकांना सांगायला सुरुवात केली. पंजाबी बायका, जमेकन म्हातारे, नव्याने आलेली पोलिश कुटुंबं, सगळ्यांना त्या आपल्या नर्सच्या इंग्रजीत समजावत होत्या. पंधरा दिवसांत मत आमच्या बाजूने पडलं.

महिन्याभराने मॅनेजर म्हणाला, “हा स्टँडबायचा खर्च धरला तर तीन वर्षं एक दर बसत नाही. सर्व्हिस काढून टाक. बॉयलर राहू दे जागेवर. कोण बघतंय.” मी शीटमधली ती एक ओळ काढली. दर बरोबर बसला. मावशींना सांगावं असं एकदा मनात आलं. मग वाटलं, त्या विचारतील तेव्हा सांगू.

बॉयलर हाउस एका माणसाच्या हातात होतं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तो तिथला बॉयलरमन होता, यॉर्कशरचाच, साठीला टेकलेला, राहायलाही पहिल्या इमारतीत तळमजल्यावर. मला तो ‘लॅड’ म्हणायचा, म्हणजे पोरा. लाकडाचा बॉयलर येणार म्हटल्यावर त्याने तक्रार केली नाही, उलट स्वतःच्या रजेत दोन दिवस कुठेतरी जाऊन तसलाच बॉयलर बघून आला. पहिली गाडी आली तेव्हा त्याने ढलप्यांची मूठ भरून माझ्या हातात दाबली.

“दाब. हात ओला झाला?”

“नाही.”

“मग घ्यायची. गॅस कधी ओला येत नाही, लॅड. लाकूड येतं. एवढं लक्षात ठेवलंस की पुरे.”

पहिला हिवाळा छान गेला. बाहेर सगळीकडे गॅस महाग होत होता आणि आमच्या पाच इमारतींत दर जागचा हलला नाही. रेडिएटर दिवसभर चालू ठेवून म्हातारी माणसं कोट काढून नुसत्या स्वेटरवर बसायला लागली. इतर शहरांतली माणसं बघायला येऊन गेली. मावशी त्यांना लिफ्टने वर नेऊन आपला रेडिएटर दाखवायच्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणायच्या, “आमच्या नागपूरचा आहे.”

दुसऱ्या वर्षी लाकूड महागलं. आमच्यासारख्याच भट्ट्या आणखी ठिकाणी बसल्या होत्या आणि सगळ्यांना ढलप्या हव्या होत्या. आमचा पुरवठादार मात्र जुन्या दराला बांधलेला. त्याला दर वाढवता येत नव्हता, म्हणून त्याने मालाचा दर्जा उतरवला. वाळवायला ठेवलेलं लाकूड दुसऱ्यांना, आणि नुकतं तोडलेलं, सालीसकट, पाऊस खाल्लेलं लाकूड आम्हाला. नोव्हेंबरमध्ये बॉयलरमनने एक गाडी परत पाठवली. मग दुसरी. पुरवठादाराने मॅनेजरला फोन करून सांगितलं, गाड्या परत केल्या तर मी करार मोडतो.

करार मोडला असता तर नव्या दराने लाकूड घ्यावं लागलं असतं आणि पत्रकावरचं माझं वाक्य खोटं ठरलं असतं. मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. “त्याला सांग, गाड्या घ्यायच्या. एकही परत नाही.”

“ईमेल करतो.”

“लिहू नकोस. फोन कर.”

आजूबाजूला सहा-सात माणसं बसली होती. कुणाला एक अक्षर कळलं नाही. मी फोन उचलला आणि बॉयलरमनला सांगितलं की येईल ती गाडी उतरवून घ्यायची.

तो म्हणाला, “मुठीत पाणी सुटतंय, लॅड. हे कोठारात एकमेकांना चिकटून बसेल. खाली ढलप्या भट्टीत ढकलणारा स्क्रू फिरत राहील आणि वरून काहीच पडणार नाही.”

“ऑफिसचा निर्णय आहे.”

“तुझा आहे का?”

“ऑफिसचा.”

“बरं. मी वहीत लिहून ठेवतो, कुणी आणि कधी सांगितलं ते.”

त्याच्याकडे एक जाड वही असायची. कुठली गाडी, केव्हा, माल कसा, सगळं तो पेन्सिलने लिहायचा. लिही बापडा, म्हणून मी फोन ठेवला.

जानेवारीत एका सोमवारी सकाळी त्याने सांगितलं होतं तसंच झालं. आधीचा आठवडाभर बर्फ होतं. कोठारातल्या ओल्या ढलप्या गोठून त्यांचं छत झालं, स्क्रू खाली मोकळाच फिरत राहिला आणि आग विझली. त्याने गॅसचा जुना बॉयलर चालू करायचा प्रयत्न केला. दोन हिवाळे कुणी हात न लावलेला बर्नर पेटला नाही. पार्ट बाहेरून मागवावा लागणार होता. दुपारपर्यंत पाचही इमारतींतले रेडिएटर हाताला थंड लागायला लागले.

चार दिवस तसेच गेले. लोकांनी दुकानातून इलेक्ट्रिक हीटर आणले, सगळ्यांनी एकदम लावले, आणि मंगळवारी तिसऱ्या इमारतीचे फ्यूज उडाले. लिफ्टही बंद. बॉयलरमन फावडं घेऊन कोठारात उतरला होता आणि हाताने ढलप्या फोडून बाहेर काढत होता. हे मी डोळ्यांनी बघितलं नाही. मी ऑफिसात बसून कौन्सिलला पाठवायचं निवेदन लिहीत होतो. शर्टावर स्वेटरही नव्हता घातला, इतकं ऑफिस गरम होतं.

मावशींचे फोन येत होते. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी सात. मी स्क्रीनवर नाव बघायचो आणि फोन उलटा ठेवायचो. मेसेजमध्ये त्या एवढंच म्हणत होत्या, “बेटा, तो गॅसचा बॉयलर कधी चालू होतो ते फक्त सांग, मी लोकांना काय सांगू?” लोक त्यांच्याच दारावर येत होते. तुम्ही शब्द दिला होता, म्हणत होते. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या भरून त्या जिन्याने वरखाली करत राहिल्या. एकाने तोंडावर दार आपटलं, एकीने विचारलं, कंपनीने तुला काय दिलं. चौथ्या दिवशी सहाव्या मजल्याच्या जिन्यात त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. न्यूमोनिया. ज्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्य काढलं तिथेच त्यांना नेलं.

त्याच दिवशी संध्याकाळी पार्ट आला आणि पाइप गरम झाले. आता कौन्सिलला दोषी माणसाचं नाव हवं होतं. मॅनेजर म्हणाला, “ओल्या गाड्या उतरवून कुणी घेतल्या? त्याने. मग झालं.” मला म्हणाला, “ती वही घेऊन ये.”

बॉयलरमन दोन दिवस झोपायला घरी गेला होता. मी बॉयलर हाउसमध्ये गेलो, फळीवरची वही घेतली. गाडीत बसून त्या फोनच्या दिवसाचं पान उघडलं. त्याच्या वाकड्या अक्षरात तारीख, वेळ, आणि ‘ऑफिसातून लॅडचा फोन, सगळ्या घ्या म्हणतो’ असं लिहिलेलं. माझं खरं नावही त्याने लिहिलं नव्हतं. वही मी मॅनेजरला दिली. त्याने ती खणात टाकली आणि खण लावला. ती पुन्हा कुणी बघितली नाही.

“साक्षीला कुणीतरी भाडेकरू हवा,” तो म्हणाला. “तुझ्या मावशी आहेत ना.”

मी फळं घेऊन हॉस्पिटलात गेलो. मावशी उशांना टेकून बसल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. फोन का उचलले नाहीस हे त्यांनी विचारलंच नाही. मीच म्हणालो, “फोन बिघडला होता.” त्यांनी मान हलवली.

“तुला माहीत होतं का रे, तो गॅसचा बॉयलर चालणार नाही ते?”

“नाही मावशी.”

“मला वाटलंच. तुला पण फसवलं ना त्यांनी.”

मग त्या बॉयलरमनबद्दल बोलायला लागल्या. लिफ्ट बंद असताना तो आपल्या घरातला हीटर उचलून नऊ मजले चढून आला होता, त्यांच्यासाठी. “दम लागला होता त्याला. पायरीवर बसला आणि म्हणाला, त्या गाड्या मी घ्यायलाच नको होत्या. रडवेला झाला होता बिचारा. त्याला सांभाळून घ्या रे तुम्ही.”

मला हवं होतं ते वाक्य मिळालं. मी बॅगेतून कागद काढला आणि तिथेच मावशींच्या नावाने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. बॉयलरमनने ओला माल स्वतः उतरवून घेतला आणि ती चूक माझ्याजवळ कबूल केली, अशा अर्थाच्या.

“कंपनीला तुमचं म्हणणं लेखी हवंय मावशी, चार दिवस काय झालं त्याचं.”

“चष्मा घरी राहिलाय. तूच वाच.”

मी मराठीत वाचून दाखवलं. थंडीचं वाचलं, जिन्याचं वाचलं, तो हीटर घेऊन आला तेही वाचलं, जे कागदावर नव्हतंच. जे होतं ते वाचलं नाही. सलाइनची सुई लावलेल्या हाताने त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, “त्याचं चांगलं लिहिलंस ते बरं केलंस.”

शिस्तभंगाची सुनावणी आठवड्याभराने झाली. एक लांब टेबल, एका बाजूला मॅनेजर, एचआरची बाई आणि मी, समोर तो एकटा. युनियनचा माणूस आजारी होता, तारीख बदलायला मॅनेजरने नकार दिला. बॉयलरमन टाय घालून आला होता. नखांच्या कडेला काळं तसंच होतं.

तो म्हणाला, मला ऑफिसातून फोन आला होता, वहीत लिहिलंय. मॅनेजर म्हणाला, अशी वही सापडलेली नाही. मग त्याच्यापुढे मावशींचा कागद सरकवला. त्याने तो हळूहळू वाचला, सही बघितली, पुन्हा वाचला.

“हे तिने सांगितलं?”

“तिची सही आहे,” एचआरची बाई म्हणाली.

इतका वेळ तो तावातावाने बोलत होता. त्या कागदानंतर त्याचा आवाज बसला. तो माझ्याकडे वळला.

“लॅड, फोन कुणी केला होता ते यांना सांग.”

मला पासपोर्ट दिसत होता, वडिलांना घेऊन दिलेला फ्लॅट दिसत होता. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. दुसरा कुणी असता तर त्यालाही काहीतरी दिसलंच असतं, आणि तरी त्याने खरं सांगितलं असतं.

“असा फोन केल्याचं मला आठवत नाही,” मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, “मी जाऊ?” त्याला त्याच दिवशी काढलं. बाहेर आल्यावर मॅनेजरने माझ्या पाठीवर थाप मारली. “चांगलं सांभाळलंस,” मराठीत म्हणाला.

मार्चमध्ये मावशी घरी आल्या. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला, ये म्हणून. मी मिठाई घेऊन गेलो. टेबलावर तो कागद होता, घडीच्या खुणा पडलेला. पलीकडच्या खुर्चीत बॉयलरमन बसला होता. तो जाब विचारायला आला होता, की मी तुमचं काय वाईट केलं होतं. मावशींनी चष्मा लावून कागद वाचला होता.

“बसा,” मावशी मला म्हणाल्या.

मला आधी कळलं नाही की ते मलाच आहे. आजवर त्या मला अरे-तुरेनेच बोलायच्या.

“तुम्ही मला काय वाचून दाखवलं होतं, ते यांना इंग्रजीत सांगा.”

मी सांगितलं. हीटरचं सांगितलं, नऊ मजल्यांचं सांगितलं.

“आता कागदावर काय आहे ते वाचा.”

मी वाचलं. बॉयलरमन खिडकीतून बाहेर बघत होता.

“गाड्या घ्यायचा फोन कुणी केला होता?”

“मी.”

“गॅसच्या बॉयलरची सर्व्हिस कुणी काढली?”

“मॅनेजरने सांगितलं. काढली मी.”

“मग माझ्या घरी येऊन, या फोटोपुढे हात जोडून, माझं मीठ खाऊन तुम्ही मला लोकांसमोर उभं केलंत.” त्यांचा आवाज चढला नाही. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं बोलत होत्या. “मी आयुष्यभर खोट्या कागदावर सही केली नव्हती. औषधाचा एक डोस चुकला तरी मी स्वतः जाऊन सांगितलंय. तुम्ही माझ्याकडून एका माणसाची भाकरी काढून घेतलीत. जा आता.”

मी उठलो. मिठाईचा डबाही त्यांनी परत न्यायला लावला.

त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरं पत्र लिहिलं आणि युनियनला दिलं. माझं नाव त्यात होतं. कंपनीने ते प्रकरण कामगारांच्या ट्रिब्युनलपर्यंत जाऊ दिलं नाही. बॉयलरमनशी तडजोड झाली, काढून टाकण्याऐवजी निवृत्ती असं कागदोपत्री झालं, आणि चूक कुणाची होती हे कुठेच लिहिलं गेलं नाही. मॅनेजर बढतीवर लंडनला गेला. मला काढलं तर प्रकरण पुन्हा उघडं पडेल, म्हणून मला काढलं नाही. उन्हाळ्यात माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला.

मावशींना मात्र इमारतीने माफ केलं नाही. पत्राचं कुणाला माहीत नव्हतं, थंडीचे चार दिवस सगळ्यांना माहीत होते. लिफ्टमध्ये त्या शिरल्या की बोलणं थांबायचं. त्यांनी कमिटी सोडली आणि सप्टेंबरमध्ये मुलाकडे लंडनजवळ इल्फर्डला गेल्या, जिथे कधीच जाणार नाही असं त्या पोह्यांच्या दिवशी मला सांगत होत्या. सुनेने पुढची छोटी खोली रिकामी करून दिली होती. पुढे काही वर्षांनी लंडनमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात त्या भेटल्या. माझ्या बायकोशी प्रेमाने बोलल्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हे फार हुशार आहेत,” आणि पुढच्या रांगेत जाऊन बसल्या.

तिसऱ्या इमारतीच्या सेक्रेटरीची जागा रिकामी होती. पहिल्या इमारतीचा बॉयलरमन तिसऱ्यातून उभा राहू शकत नव्हता, पण पाचही इमारतींची मिळून एक हीटिंग कमिटी कौन्सिलने त्या थंडीनंतर नेमली होती. तिच्या अध्यक्षपदासाठी तो उभा राहिला आणि निवडून आला. कंपनीच्या बाजूने त्या कमिटीपुढे बसायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या बैठकीला हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. तोच टाय घालून तो मधल्या खुर्चीत बसला. मी दराबद्दल सांगायला लागलो, की बाहेर गॅस एवढा चढला, आपला दर मात्र तिसऱ्या हिवाळ्यातही तोच आहे.

“दर राहू दे,” तो म्हणाला. “महिन्यातल्या गाड्या वाच.”

“त्या परिशिष्टात आहेत.”

“मोठ्याने वाच, लॅड. तारीख, ओलावा, आणि कुणी उतरवून घेतली त्याचं नाव.”

मी वाचलं. महिन्यातल्या सगळ्या गाड्या. मधे एक आकडा पुटपुटलो तर त्याने थांबवून पुन्हा वाचायला लावला. मागून एक बाई म्हणाली, ऐकू येत नाही, तर उभं राहून वाचायला लावलं. चेहऱ्यावर राग नव्हता, समाधानही नव्हतं. झालं तेव्हा म्हणाला, “पुढचा विषय.”

दर महिन्याला तसंच. ऑक्टोबर ते एप्रिल, उभं राहून, सगळ्यांसमोर. त्या हिवाळ्यात एकही ओली गाडी उतरली नाही आणि गॅसचा बॉयलर दर पंधरवड्याला तासभर पेटवून बघितला गेला. त्याच्यासाठी जो खर्च आला तो कंपनीने गिळला, कारण दर हलवायची हिंमत कुणात नव्हती. मार्चमध्ये मी दुसरी नोकरी शोधली. शेवटच्या बैठकीला मी कमिटीला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी येईल. लोकांनी रीत म्हणून दोन-चार टाळ्या वाजवल्या. तो टाळ्या संपेपर्यंत थांबला, चष्मा नाकावर सरकवला, आणि म्हणाला, “ठीक आहे. मार्चच्या गाड्या वाच.”